सहा मिनिटांचा साउथ एशिया

त्यांना आम्ही पाठीमागे ‘साउथ एशिया’ म्हणायचो. तोंडावर अर्थातच काका. आमच्या नाचाच्या मंडळाचे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप होते, एक काका असलेला आणि एक काका नसलेला. दुसऱ्यावर ‘साउथ एशिया निघाले का’, ‘साउथ एशियाचा गुडघा दुखतोय, आज भाषण बसून होईल’, ‘साउथ एशियाचं पोट बिघडलंय, तालीम वेळेत संपणार’ असे मेसेज यायचे आणि त्याखाली हसरे चेहरे. सगळ्यात जास्त चेहरे माझे असायचे.

काकांचा नाचाशी संबंध काय, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असंच होतं. ते जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यात सेफ्टी इंजिनियर होते. सारी नोकरी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसनं जायचं, कुठला वॉल्व्ह गळतोय, कुणी हेल्मेट घातलेलं नाही हे बघायचं आणि लिहून काढायचं, यात गेली. तालाच्या बाबतीत तर देवानं त्यांना संपूर्ण माफी दिली होती. काकू सांगायच्या, “आरतीला यांच्या हातात टाळ द्यायचे नाहीत, असा आमच्या घरात नियम आहे. गणपतीचासुद्धा विचार करायला हवा ना.”

आणि तरीही सिंगापुरात कुठेही नाचाचा कार्यक्रम असला की काका हजर. पायात कारखान्यातले जाडजूड बूट, हातात क्लिपबोर्ड, जागा नेहमी कडेची. बसायच्या आधी सगळे इमर्जन्सी एक्झिट मोजून यायचे. मग दिवे मंद झाले की पेन बाहेर. त्यांचा स्वतः आखलेला फॉर्म होता, त्यावर चार रकाने: स्वागत, शोभा, गर्दी, नाच. कार्यक्रमात आपल्याकडची बाई किंवा बुवा दिसला की तो कुठल्या रकान्यात बसतो ते लिहायचं. दारात कुंकू लावायला उभी केलेली मुलगी ‘स्वागत’. मागे दिवा धरून उभी ती ‘शोभा’. बाजाराच्या देखाव्यात इकडून तिकडे जाणारे ते ‘गर्दी’. ‘नाच’ हा रकाना बहुतेक वेळा कोराच राहायचा. “लिहिलं नाही तर ते घडलंच नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते ते जेवतानासुद्धा म्हणायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका कार्यक्रमात. या शहराच्या इतिहासावर एक नृत्यनाट्य होतं आणि मी ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते. शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न सुरू झाले. एक शर्ट-इन केलेले गृहस्थ उभे राहिले, माईक हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, “माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे.” मी मनात म्हटलं, मेले. “या नाटकात भारतीय बाई चार वेळा आली. एकदा घागर घेऊन, एकदा दिवा घेऊन, एकदा हार घेऊन आणि एकदा मूल घेऊन. ती रिकाम्या हातानं कधी येणार?”

दिग्दर्शक बाईंनी हात जोडून “व्हेरी रिच ऑब्झर्व्हेशन” म्हटलं आणि माईक घाईनं दुसरीकडे गेला. पण माझ्या ओळीतली चारही डोकी वळून माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच त्यांना शिकवून पाठवलं होतं. मी कार्यक्रमपत्रिकेत तोंड खुपसलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण खरं असलं म्हणून काय माईकवर बोलायचं?

पुढे सहा महिन्यांनी हेच गृहस्थ आमच्या तालमीला आले. कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही सात-आठ बायका एका कॉन्डो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये रविवारी दुपारी लावणी करायचो. कोणी बँकेत, कोणी आयटीत, मी फायनान्समध्ये. काकांनी खुर्ची ओढली, “मी व्हॉलंटियर आहे” असं जाहीर केलं आणि तेव्हापासून ते होतेच. कशाचे व्हॉलंटियर, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर चाळीस मिनिटांचं होतं.

जुरोंग आयलंडवर सकाळी काम सुरू करण्याआधी कामगारांना गोळा करून आजचे धोके सांगतात. काकांनी ती पद्धत लावणीला लावली. नऊवारी नेसून, घुंगरू बांधून आम्ही ओळीत उभ्या आणि समोर काका. “आजचे धोके. एक, पदर. दोन, ओली फरशी. तीन, मागच्या रविवारी सुटलेलं घुंगरू.” ते एक घुंगरू पायाखाली येऊन आमच्यातली एक जण जराशी डगमगली होती, पडली नव्हती. तरी काकांनी त्याचा दोन पानी रिपोर्ट लिहिला. त्यात ‘मूळ कारण: दोऱ्याची गाठ’ आणि ‘उपाय: सर्व गाठींची साप्ताहिक तपासणी’ असं होतं. पुढचे कित्येक रविवार काका जमिनीवर बसून चष्मा कपाळावर सरकवून आमच्या घुंगरांच्या गाठी तपासत. आम्ही एकमेकींना डोळे मारत उभ्या राहायचो. एवढं मात्र कबूल करते, की नंतर घुंगरू कधी सुटलं नाही.

या सगळ्याचं मूळ काकूंनी एकदा सहज सांगितलं. त्यांच्या मुलीनं लहानपणी सात वर्षं भरतनाट्यम केलं. शाळेत सगळ्या वंशांच्या मुलांचा मिळून नाच बसवला, तेव्हा हिला कोपऱ्यात समई धरून उभं केलं. गाणं संपेपर्यंत उभी. घरी येऊन तिनं घुंगरू कपाटात टाकले आणि ते पुन्हा काढले नाहीत. “पोरगी विसरली हो,” काकू म्हणाल्या, “ती आता पर्थला आहे, चांगलं चाललंय. फोनवर अजून इथल्याच इंग्रजीत म्हणते, ‘पपा, लेट गो लाह.’ हे नाही सोडत. बाहेर सगळ्यांचं प्रतिनिधित्व करतात. घरात टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे, तिथे माझं प्रतिनिधित्व कोणी करायचं?”

मी हसले. मग ते काका नसलेल्या ग्रुपवर टाकलं आणि तिथेही सगळ्या हसल्या.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नसे, पण ‘साउथ एशियन’ या शब्दावरून तो व्हायचाच. आमचे अध्यक्ष एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. स्वतः नाचत नसत, बायको नाचायची म्हणून अध्यक्ष. ते म्हणायचे, “काका, सरळ इंडियन म्हणा ना.” काका बोटांवर मोजत, “भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव.” अध्यक्ष वैतागून, “मालदीव कशाला मध्ये? तिथे आपण सुट्टीला जातो.” काका ते ‘मालदीव कशाला’ सुद्धा लिहून घ्यायचे.

तर असे हे काका. त्यांनी एका भागातल्या कलासंध्येच्या आयोजकांचा दोन वर्षं पिच्छा पुरवला. ईमेल, फोन, प्रत्यक्ष भेट, पुन्हा ईमेल. आयोजकांनी आधी आम्हाला दारात रांगोळी काढायला बोलावलं, काकांनी नकार कळवला. मग आरतीची ताटं घेऊन पाहुण्यांचं स्वागत करा म्हणाले, काकांनी आपले भरलेले फॉर्म जोडून पाठवले. शेवटी ते लोक दमले आणि त्यांनी सहा मिनिटं दिली. भर कार्यक्रमात, मधल्या जागेवर, पूर्ण रंगमंच. अट एकच, किमान एक वाद्य प्रत्यक्ष वाजलं पाहिजे. अर्जावर ‘साउथ एशियन समूह’ असं लिहून काकांनी अध्यक्षांची सही घेतली. सहा मिनिटं मिळाली म्हणून आम्ही सगळ्यांनी जिलबी खाल्ली. काकांनी खाल्ली नाही, त्यांना साखर होती.

आमचा ढोलकीवाला म्हणजे पुण्याचा एक आयटी मॅनेजर. त्याची कंपनीनं ऐन वेळी सिडनीला बदली केली. लिटिल इंडियात विचारून झालं, तबलेवाले भेटले, मृदंगवाले भेटले, लावणीची ढोलकी कोणाला येईना. तेव्हा काका एका रविवारी रफीकला घेऊन आले.

रफीक तुआसच्या एका शिपयार्डमध्ये वेल्डर होता. बांगलादेशचा, वय पंचेचाळीसच्या आसपास, दोन मुलींचा बाप, बोलायला मोडकंतोडकं हिंदी. गावाकडे यात्रेत ढोल वाजवायचा. कॉन्डोच्या गेटवर वॉचमननं त्याला थांबवून रजिस्टरमध्ये ‘कॉन्ट्रॅक्टर’ लिहायला लावलं होतं आणि काकांनी तिथेच उभं राहून ते खोडून ‘व्हिजिटर’ करून घेतलं होतं. यात आमची तालीम पाऊण तास उशिरा सुरू झाली. मी चिडले होते.

रफीकनं आमची ढोलकी मांडीवर घेतली, दोन्ही बाजूंनी टिचक्या मारून पाहिल्या, दोरी ताणली. फोनवर आमचं गाणं तीनदा ऐकलं. “दीदी, आप चलो, हम पीछे आता है,” म्हणाला.

मी पंधरा वर्षं सीडीवर, मग फोनवर, मग ब्लूटूथ स्पीकरवर नाचत आले होते. गाणं पुढे जातं, आपण त्याच्यामागे धावायचं, हेच मला नाच वाटत होतं. त्या दिवशी मी एका मुरडीवर उगाच थोडी रेंगाळले आणि ढोलकी माझ्यासाठी थांबली. मी मान उचलली तेव्हा तिनंही ताल उचलला. दुसऱ्या रविवारी तो लावणीचे तोडे असे वाजवायला लागला, की आमच्या बायका तालमीनंतरही घरी जाईनात. काका भिंतीशी बसून डोळे मिटून टाळ्या देत होते, अर्थातच चुकीच्या जागी. रफीकही त्यांना काका म्हणायचा. बंगालीतही काका म्हणजे काकाच.

कार्यक्रमाच्या आदल्या बुधवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग झाली. विषय एकच, रफीक.

“माणूस चांगला आहे हो, त्यात वाद नाही,” अध्यक्ष म्हणाले. “पण ऑप्टिक्सचं काय? मराठी लावणी आणि वाजवणारा बांगलादेशी. लोक विचारतील, तुमच्यात कोणी नाही का?”

चिटणीस म्हणाले, “वर्क परमिटवाला माणूस स्टेजवर बसवला तर भानगड नाही ना होणार?”

काकांनी फायलीतून दोन कागद काढले. विचारायचं तिथे विचारून लेखी उत्तर आणलेलं होतं, आणि त्याच्या कंपनीचं हरकत नसल्याचं पत्रही. चिटणिसांनी कागद चाळून परत दिले. मग कपड्यांचा मुद्दा निघाला, मग फोटोंचा, मग “तो तिथे कम्फर्टेबल असेल का, आपण त्याचाही विचार करायला हवा” हा सगळ्यात गोड मुद्दा निघाला.

“त्यापेक्षा ट्रॅक लावू,” एक जण म्हणाली.

“अर्जावर लाइव्ह लिहिलंय,” काका म्हणाले. “आणि साउथ एशियन लिहिलंय. अध्यक्षांची सही आहे.”

“अहो काका, साउथ एशियन म्हणजे आपणच,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांच्या यादीत तो शब्द होता म्हणून लिहिला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. लावणी मी बसवली होती, माझ्या शब्दाला वजन होतं. ढोलकीशिवाय त्या नाचात काय उरतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणाले, “त्याला विंगेत बसवू. पडद्याआड. माईक देऊ. वाद्य लाइव्ह, अर्जही खरा, आणि स्टेजवर आपण.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. “याला म्हणतात फायनान्सवाली,” अध्यक्ष म्हणाले. कार्यक्रमाला माझ्या ऑफिसचे लोक येणार होते. त्यांच्यासमोर मी आणि तुआसचा वेल्डर एका दिव्याखाली दिसावं, हे मला नको होतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही, मला फक्त आपण मार्ग काढला असं वाटत होतं. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि बूट वाजवत निघून गेले. काका नसलेल्या ग्रुपवर ‘साउथ एशिया रुसला’ असा मेसेज आला आणि मी त्याखाली हसरा चेहरा टाकला.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. दुपारी रंगीत तालीम झाली तेव्हा विंगेत स्टुलावर बसलेल्या रफीकला आमचे पाय दिसत नव्हते, मधे काळा पडदा होता. ढोलकी बरोबर वाजत होती पण आंधळी वाजत होती. मी रेंगाळले तर ती पुढे निघून जायची. रफीकनं तक्रार केली नाही. पडद्याच्या कडेतून मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करत राहिला.

आमच्या आधीचा नाच संपायला पाच मिनिटं होती तेव्हा काका विंगेत आले, गळ्यात जुरोंग आयलंडचाच पास अडकवलेला, जरी इथे त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी स्टेज मॅनेजरला बोलावलं. ती कानात वायर घातलेली एक तरुण चिनी मुलगी होती.

“हा स्टूल एक्झिटच्या वाटेत आहे,” काका म्हणाले.

“अंकल, शो चाललाय लाह, आता कान्ट मूव्ह.”

“आग लागली तर चाळीस माणसं या वाटेनं जाणार. तू सही करशील?”

ती वाकली, स्टूल बघितला, दार बघितलं, आणि तिचा चेहरा पालटला. या शहरात एक्झिट अडवला म्हटलं की पुढचं बोलणं बंद होतं. “ओके ओके, मूव्ह हिम. दुसऱ्या विंगेत.” दुसऱ्या विंगेत पुढच्या चिनी सिंहनाचाचे दोन कापडी सिंह आडवे पडले होते. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, “स्टेजवर बसवा. स्टेज कॅन.”

अध्यक्ष धावत आले. “काका, हे काय चालवलंय? बुधवारी ठरलंय ना सगळं?”

“सेफ्टीपुढे कमिटी नाही,” काका म्हणाले आणि स्टूल स्वतः उचलून उजेडात नेऊन ठेवला. दुपारी तो स्टूल भिंतीला टेकलेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो दोन हात पुढे कसा आला, हे मी विचारलं नाही.

सहा मिनिटांबद्दल मला फार सांगता येणार नाही. रफीक निळ्या इस्त्रीच्या शर्टात स्टेजवर माझ्या डावीकडे बसला होता आणि त्याला माझे पाय दिसत होते, एवढंच सांगते. मधे एका जागी मी ठरल्यापेक्षा जास्त थांबले, जवळजवळ खोडीच काढली, आणि त्यानं हसून मला ढोलकीवर पकडलं. टाळ्या इतक्या पडल्या की सिंहवाले पडद्याआडून डोकावले. नंतर फोटोच्या वेळी अध्यक्षांनी रफीकच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला मधोमध ओढलं. “आमचा साउथ एशियन फॅमिलीचा मेंबर,” ते आयोजकांना सांगत होते. ऑफिसच्या लोकांनी मला विचारलं, असा वादक कुठून मिळवला. मी म्हणाले, “आमच्याच ग्रुपमधला आहे.” ते म्हणताना मला जराही जड गेलं नाही.

काका आता इथे नाहीत. त्या वर्षाच्या शेवटी ते आणि काकू मुलीकडे पर्थला गेले. ते गेल्यावर रविवारच्या तालमीआधी धोके सांगायला कोणी नाही आणि काका नसलेला ग्रुप आपोआप बंद पडला. रफीकचा करार संपून तोही परत गेला. पण त्या संध्याकाळची एक गोष्ट उरते.

कार्यक्रमानंतर काका, रफीक आणि मी असे तिघं एमआरटी स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेलो. रफीकला कामगारांच्या हॉस्टेलवर वेळेत पोचायचं होतं. प्लॅटफॉर्मवर त्यानं पिशवी खाली ठेवली, माझ्यापुढे उभा राहिला आणि उजवा हात छातीवर ठेवला.

“दीदी, काका हमको सब बताया,” तो म्हणाला. “मीटिंग में सब लोग मना किया. आप अकेली हमारे लिए लड़ी. बोली, वो नहीं बजाएगा तो मैं नहीं नाचेगी. हम घर पे बेटी लोग को भी फोन पे बताया.”

मी काकांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं एक चुकीचं वाक्य न सोडणारा तो माणूस प्लॅटफॉर्मच्या पाटीवर पुढची गाडी किती मिनिटांत आहे ते फार लक्ष देऊन वाचत होता. कधी सांगितलं असेल त्यांनी हे? बहुतेक बुधवारीच. मीटिंगमधून बूट वाजवत गेले ते सरळ त्याच्याकडे गेले असतील. नाचणारीवर विश्वास नसेल तर वाजवणारा कोणाची वाट बघणार, एवढं त्या ताल नसलेल्या माणसाला कळत होतं.

गाडी आली. दारं उघडली. रफीक अजून हात छातीवर ठेवून माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

“अरे, उसमें क्या,” मी म्हणाले.